ऐन वेळी सुचण्याची पूर्वतयारी

अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात रेनो क्लब नावाचा एक नाईट क्लब होता. ठरलेला कार्यक्रम संपला की रात्री उशिरा तिथे ‘जॅम सेशन’ चाले. ज्याच्याकडे वाद्य आणि धाडस असेल त्याने मंचावर चढावं आणि बँडबरोबर सोलो वाजवावा, अशी रीत होती. 1936 च्या सुमारास एका रात्री सोळाच्या आसपासचा एक मुलगा सॅक्सोफोन घेऊन वर गेला. सुरुवात बरी झाली. पुढे मात्र तो अडखळला, ताल हातातून निसटला आणि काही केल्या परत सापडेना. ड्रमवर जो जोन्स होता. त्याने आपल्या संचातली झांज काढून मुलाच्या पायाशी फेकली, अशी हकिकत तिथे हजर असलेल्या संगीतकारांनी पुढे सांगितली आहे. खणखणाट झाला, लोक हसले आणि मुलगा वाद्य घेऊन बाहेर पडला.

त्या मुलाचं नाव चार्ली पार्कर. 26 नोव्हेंबर 1945 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने ‘को-को’ ही रचना ध्वनिमुद्रित केली. मिनिटाला सुमारे 300 मात्रांची लय आणि सेकंदाला दहाच्या आसपास स्वर. त्यातला एकही रेंगाळलेला किंवा घाबरलेला वाटत नाही. जॅझ शिकणारे विद्यार्थी आजही तो सोलो कानाने ऐकून उतरवून काढतात.

मधल्या नऊ वर्षांत त्याच्या कानात, हातात आणि मेंदूत काय बदललं असेल? हा प्रश्न केवळ संगीतवेड्यांचा नाही. चाळिशी-पन्नाशीत हौसेने गिटार किंवा कीबोर्ड घेणारे बरेच जण पाठ केलेली गाणी छान वाजवतात. ‘आता तुमच्या मनाचं काही वाजवा,’ असं कुणी म्हटलं की मात्र त्यांची बोटं थिजतात. मग ‘ते आपल्यात जन्मजातच नाही,’ असं ठरवून ते वाद्य माळ्यावर टाकतात. गेल्या वीसेक वर्षांतलं मेंदूविज्ञान सांगतं, की हा निष्कर्ष घाईचा आहे. उपज ही उपजत नसते. ती साठवावी लागते.

जमीन सरकत असताना चालणं

आपल्याकडे ख्याल गायक आलाप-ताना ऐन वेळी घेतो, तेव्हा तानपुऱ्यावर षड्ज अखंड चालू असतो आणि राग एकच असतो. जॅझमध्ये पायाखालची जमीनच सरकत असते. तीन-चार स्वर एकत्र वाजले की कॉर्ड होते. जॅझच्या बहुतेक रचनांमध्ये दर एक-दोन बारनंतर, म्हणजे चार किंवा आठ मात्रांनंतर, ही कॉर्ड बदलते. कॉर्ड्सचा हा ठरलेला क्रम बहुतेक वेळा 12 किंवा 32 बारचा असतो. तो आवर्तनासारखा पुन्हा पुन्हा फिरतो आणि सोलो वाजवणाऱ्याने त्यावर आपली नवी चाल रचत जायचं असतं. एका कॉर्डवर गोड लागणारा स्वर पुढच्या कॉर्डवर खटकू शकतो.

सर्वांत जास्त भेटणारा क्रम तीन कॉर्ड्सचा आहे. तो सरगममध्ये पाहू. पहिली कॉर्ड रे-म-ध-सा, दुसरी प-नि-रे-म, तिसरी सा-ग-प-नि. नवशिक्याला हे बारा स्वर पाठ करण्याचं ओझं वाटतं. पण जाणकार त्यातल्या दोनच धाग्यांकडे पाहतो. पहिल्या कॉर्डमधला ‘सा’ दुसऱ्या कॉर्डवर जाताना एक पायरी उतरून ‘नि’ होतो आणि तिसरीतही ‘नि’च राहतो. पहिलीतला ‘म’ दुसरीत तसाच थांबतो आणि तिसरीत उतरून ‘ग’ होतो. हे दोन धागे नुसते गुणगुणले तरी कॉर्ड बदलल्याचं ऐकणाऱ्याला कळतं, मागे पियानो नसला तरीही. जॅझचे शिक्षक या स्वरांना वाट दाखवणारे स्वर म्हणतात. सोलोतली बाकीची नक्षी याच दोन धाग्यांभोवती विणलेली असते.

ही गोष्ट कागदावर पाच मिनिटांत समजते. वाजवताना ऐन वेळी ती सुचायला मात्र महिने लागतात. समजणं आणि सुचणं यांच्यातलं हे अंतर कुठून येतं?

सेकंदाला दहा स्वर

थोडं गणित करू. सेकंदाला दहा स्वर म्हणजे एका स्वराच्या वाट्याला एक दशांश सेकंद. आवाज ऐकल्यावर नुसतं बटण दाबायचं म्हटलं, तरी माणसाला साधारण दीड दशांश सेकंद लागतो. आता कोणती कॉर्ड चालू आहे, तिच्यावर कोणता स्वर चालेल, तो कोणत्या बोटाने वाजवायचा, हे सगळं प्रत्येक स्वराला ठरवायचं झालं तर वेळ पुरणंच शक्य नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी 1951 मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं होतं. वादकाची बोटं इतकी वेगात हलतात, की एका हालचालीची खबर मेंदूकडे जाऊन मग पुढची हालचाल सुरू होते, हे स्पष्टीकरण टिकत नाही. हालचालींची पूर्ण मालिकाच आधी तयार असली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

पार्करच्या वादनात अशा मालिका खरोखर सापडतात. संगीत अभ्यासक थॉमस ओवेन्स यांनी 1974 च्या प्रबंधात त्याचे सुमारे 250 सोलो तपासले, तेव्हा शंभराच्या आसपास छोटे स्वरसमूह त्यांत पुन्हा पुन्हा आलेले दिसले. पुढे 2014 मध्ये मार्टिन नॉरगार्ड यांनी संगणकाच्या मदतीने पार्करच्या सोलोंची छाननी केली. त्यात 80 टक्क्यांहून अधिक स्वर कुठल्या ना कुठल्या पुन्हा येणाऱ्या स्वरमालिकेची सुरुवात होते, असं आढळलं.

यामुळे पार्करची प्रतिभा कमी ठरत नाही. बोलताना आपण तरी काय करतो? शब्द नवे घडवत नाही. ‘खरं सांगायचं तर’, ‘त्याचं काय आहे’ असे तयार तुकडे जिभेवर असतात आणि त्यांच्या आधाराने आपण कधीही न बोललेलं वाक्य बोलून जातो. 2014 मध्येच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या संशोधकांनी दोन वादकांना एकमेकांशी चार-चार बारची देवाणघेवाण करायला लावली आणि मेंदूचं चित्रण केलं. तेव्हा भाषेची वाक्यरचना हाताळणारे भाग कामाला लागलेले दिसले. शब्दांचा अर्थ लावण्याशी जोडलेल्या काही भागांची हालचाल मात्र मंदावली होती.

डोक्यातला पर्यवेक्षक

या क्षेत्रातला सर्वांत गाजलेला प्रयोग 2008 चा. कान-घसा तज्ज्ञ आणि स्वतः वादक असलेले चार्ल्स लिम आणि त्यांचे सहकारी ॲलन ब्राउन यांनी सहा व्यावसायिक जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवलं. त्या चुंबकात लोखंड चालत नाही, म्हणून 35 पट्ट्यांचा खास कीबोर्ड बनवून तो मांडीवर ठेवला. वादकांनी आधी पाठ केलेली चाल वाजवली, मग त्याच कॉर्ड्सवर मनाची. मनाचं वाजवताना कपाळामागच्या मेंदूतला बाजूचा भाग शांत झाला. हा भाग आपल्या कृतीवर नजर ठेवतो, तोलूनमापून पाहतो आणि चूक झाली की टोकतो. त्याला आपण पर्यवेक्षक म्हणू. त्याच वेळी कपाळामागच्या मधल्या भागाची हालचाल वाढली. स्वतःबद्दलच्या विचारांशी, आतून येणाऱ्या अभिव्यक्तीशी या भागाचा संबंध जोडला जातो.

या प्रयोगाचा बोलबाला झाला आणि त्यातून एक सोपा संदेश निघाला, ‘विचार करू नका, मोकळे व्हा!’ नवशिक्याने नेमका हाच सल्ला मानू नये. का, ते पुढच्या एका प्रयोगातून कळतं. 2016 मध्ये डेव्हिड रोझेन आणि सहकाऱ्यांनी जॅझ पियानोवादकांच्या डोक्यावरून अतिशय सौम्य विद्युतप्रवाह सोडून पर्यवेक्षकाचा उजवीकडचा भाग जागवण्याचा प्रयत्न केला. कमी अनुभवी वादकांचं वादन त्यामुळे सुधारलं. मुरलेल्या वादकांचं मात्र बिघडलं. म्हणजे ज्याच्याकडे साठा कमी आहे त्याला पर्यवेक्षकाची गरज असते आणि ज्याचा साठा भरलेला आहे त्याला त्याची लुडबुड होते. (प्रयोगशाळेतली ही तंत्रं घरी करून पाहण्याची नाहीत, हे वेगळं सांगायला नकोच.)

स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या गटाने आणखी एक बारकावा दाखवला. पियानोवादकांना ‘एवढेच ठरावीक स्वर वापरा’ अशी अट घातली, तेव्हा पर्यवेक्षक जास्त कामाला लागला. ‘आनंद व्यक्त करा’, ‘भीती व्यक्त करा’ एवढंच सांगितलं, तेव्हा तो मागे सरला. कोणती कॉर्ड चालू आहे हे मोजत वाजवणाऱ्या विद्यार्थ्याचं डोकं का दुखतं, याचं उत्तर इथे असावं. तो टप्पा चुकीचा नाही. फक्त तो टप्पा आहे, मुक्काम नव्हे. हे प्रयोग मोजक्या वादकांवर झालेले आहेत, त्यामुळे त्यांतून फार मोठे दावे करता येत नाहीत. पण सगळ्यांचा कल एकाच दिशेला आहे.

पर्यवेक्षकाला गप्प करण्याची एक आडवाट आहे, दारूची आणि नशेची. तिच्याबद्दल या सदरात स्पष्ट लिहायला हवं. पार्करला किशोरवयातच हेरॉइनचं व्यसन लागलं. पुढे अनेक तरुण वादकांनी त्याच्या वादनाचं रहस्य तेच समजून सुई हातात घेतली. नशेत आपण चांगलं वाजवतो असं म्हणणारा खोटं बोलतो, हे स्वतः पार्करनेच सांगून ठेवलं होतं. 12 मार्च 1955 रोजी तो गेला तेव्हा 34 वर्षांचा होता. मृतदेह तपासणाऱ्या डॉक्टरांनी मात्र त्याच्या वयाचा अंदाज पन्नाशीपुढचा केला होता. दारूने पर्यवेक्षक गप्प होतो, पण त्याबरोबर तालही जातो आणि जो साठा भरलेलाच नाही तो काही भरत नाही.

साठा भरतो कसा?

झांज फेकल्याच्या त्या रात्रीनंतर पार्करने काय केलं, याची माहिती उपलब्ध आहे. 1937 च्या उन्हाळ्यात त्याला ओझार्क डोंगराळ भागातल्या एका सुट्टीच्या ठिकाणी बँडमध्ये काम मिळालं. जाताना त्याने काउंट बेसीच्या बँडच्या ध्वनिमुद्रिका बरोबर नेल्या. त्यांतले लेस्टर यंगचे सॅक्सोफोन सोलो त्याने स्वर न् स्वर वाद्यावर बसवले. सोबतच्या वादकांकडून तो कॉर्ड्स शिकला. ऐन वयात तीन-चार वर्षं आपण दिवसाला 11 ते 15 तास सराव करत होतो, असं त्याने 1954 च्या एका मुलाखतीत सांगितलं. परतलेला मुलगा ओळखू येईना, अशी कॅन्सस सिटीतल्या वादकांची आठवण आहे.

याच रस्त्याचा एक फाटा आपल्या मुंबईतून जातो. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलमध्ये लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड अशा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचे बँड वाजत. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतर शहरात वाजवणारे बरेच वादक गोव्याचे होते. गावातल्या चर्चच्या शाळेत त्यांनी पाश्चात्त्य स्वरलिपी शिकलेली असे. समोर कागद ठेवला की ते काहीही वाजवत. जॅझचा सोलो मात्र कागदावर नसतोच. तो त्यांनी ध्वनिमुद्रिका ऐकून आणि मुरलेल्या वादकांच्या शेजारी बसून उचलला. त्यांतला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट तर बॉम्बेचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला गेला. पुढे सी. रामचंद्र यांच्या चित्रपटसंगीतात याच मंडळींनी स्विंगचे रंग भरले. ‘अलबेला’ची 1951 मधली गाणी आठवून पाहा. वाचून वाजवणं आणि ऐकून सुचणं ही मेंदूची दोन निराळी कामं आहेत. पहिलं येत असलं तरी दुसरं वेगळं शिकावं लागतं.

उशिरा सुरुवात करणाऱ्यांसाठी

पार्करचे तास कुणी मोजू नयेत. रोजच्या अर्ध्या तासातही बरंच होतं, क्रम मात्र पाळायला हवा.

आधी गा, मग वाजवा. जे गुणगुणता येतं तेच पुढे बोटांना सुचतं. कॉर्ड्सच्या क्रमातले वाट दाखवणारे दोन धागे आधी गळ्यात बसवा.

एकच क्रम घ्या. 12 बारचा ब्लूज सर्वांत सोयीचा आहे: चार बार ‘सा’च्या कॉर्डवर, दोन ‘म’च्या, दोन पुन्हा ‘सा’च्या, मग एक ‘प’चा, एक ‘म’चा आणि शेवटचे दोन ‘सा’चे. हा क्रम अंगात इतका भिनू द्या, की भाजी चिरतानाही आपण कितव्या बारमध्ये आहोत ते कळावं. त्याहून सोपं हवं असेल तर माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या 1959 च्या ध्वनिमुद्रिकेतलं ‘सो व्हॉट’ ऐका. त्याच्या 32 बारमध्ये जमीन दोनदाच सरकते, एकदा अर्धा स्वर वर आणि एकदा परत खाली.

स्वर कमी करा. तीनच स्वर घेऊन, फक्त लय बदलत दोन मिनिटं वाजवा. पर्यवेक्षकाचं ओझं हलकं झालं, की कानाला ऐकायला सवड मिळते.

एक छोटा तुकडा उसना घ्या. आवडत्या सोलोतले दोन बार ऐकून बसवा आणि मग तोच तुकडा वेगवेगळ्या पट्ट्यांत वाजवा. आपल्याकडे पलटे घोकतात तेच हे काम. फरक एवढाच, की हा तुकडा प्रत्येक नव्या कॉर्डवर बसवून पाहायचा.

लय इतकी संथ ठेवा, की चुकायला जागाच उरू नये. आणि सरावानंतर झोपा. 2002 मध्ये मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी बोटांच्या हालचालींची मालिका शिकवून तपासणी केली, तेव्हा रात्रभर झोपेनंतर वेग सुमारे 20 टक्क्यांनी वाढलेला दिसला. हा फायदा नेमका किती, यावर पुढे मतभेद झाले. तरी रात्री अडलेला तुकडा सकाळी सुटतो, हा अनुभव बहुतेक वादकांना आहे.

वयाचं काय? 2007 च्या एका छोट्या अमेरिकी अभ्यासात 60 ते 85 वयोगटातल्या, आधी संगीत न शिकलेल्या लोकांना सहा महिने पियानो शिकवला. लक्ष एका गोष्टीवरून दुसरीवर नेण्याच्या आणि झटपट विचार करण्याच्या चाचण्यांत त्यांची कामगिरी सुधारली. यावरून जॅझ वाजवल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असं म्हणता येणार नाही. साठीनंतरही मेंदू नवं वाद्य शिकू शकतो, एवढं मात्र निश्चित म्हणता येतं.

दोन पथ्यं पाळा. बोट, मनगट किंवा खांदा दुखू लागला तर सराव थांबवा. ‘दुखलं म्हणजे हात तयार होतोय’ ही समजूत घातक आहे. दुखणं किंवा मुंग्या येणं आठवडाभर टिकलं, किंवा एखादं बोट ऐकेनासं झालं, तर डॉक्टरांना दाखवा. दुसरं पथ्य कानांचं. प्रौढांसाठी 80 डेसिबल आवाजात आठवड्याला 40 तास ही जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा आहे. आवाज वाढला की ही वेळ झपाट्याने घटते. हेडफोन लावून सराव करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

चुकीच्या स्वराचं पुढे काय होतं

भीतीचा प्रश्न तरीही उरतोच. त्यावर पियानोवादक हर्बी हॅन्कॉक यांनी स्वतः अनेकदा सांगितलेली एक आठवण आहे. 1960 च्या दशकात जर्मनीतल्या स्टुटगार्टमध्ये माइल्स डेव्हिसच्या बँडचा कार्यक्रम ऐन रंगात आला होता. माइल्सचा सोलो चालू असताना हॅन्कॉक यांनी साफ चुकीची कॉर्ड वाजवली. त्यांनी कानांवर हात ठेवले. माइल्स क्षणभर थांबला आणि त्याने असे काही स्वर वाजवले, की ती कॉर्ड बरोबर ठरली. माइल्सने ती चूक म्हणून ऐकलीच नाही, घडलेली एक गोष्ट म्हणून ऐकली आणि तिला उत्तर दिलं, हे आपल्याला बऱ्याच वर्षांनी उमगलं, असं हॅन्कॉक सांगतात.

चुकीचा स्वर बहुतेक वेळा योग्य स्वरापासून एकच पायरी दूर असतो. वर किंवा खाली सरकलं की घर सापडतं. पण हे ऐन वेळी करायला कान शांत लागतो आणि पुढे कुठे जायचं ते अंगात मुरलेलं असावं लागतं. रेनो क्लबमधल्या मुलाकडे तेव्हा ते नव्हतं आणि चूक झाल्यावर त्याला सावरून घेणारंही मंचावर कुणी नव्हतं. साठा त्याने पुढे स्वतः भरला.

आपल्यातल्या कुणी माळ्यावरचं वाद्य पुन्हा खाली काढलं, तर घरच्यांनी एवढंच करावं. पहिले काही महिने झांज फेकू नये.